चावून दिलेला घास

मी लुंबिनीच्या जठरातली एक तंतुकणिका बोलतेय. शाळेच्या पुस्तकात पेशीचं चित्र असतं, त्यात शेंगदाण्याच्या आकाराचं आणि आत वळ्या असलेलं काहीतरी काढलेलं असतं, खाली ‘मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाकेंद्र’ असं लिहिलेलं असतं. ती मी. चित्रात मी मोठी दिसते. खरं तर सुईच्या टोकावर आमच्यासारख्या हजारो जणी मावतील.

माझं काम साधं आहे. लुंबिनी जे खाते ते बारीक होत होत माझ्यापर्यंत येतं, तिच्या श्वासातला प्राणवायू येतो, आणि त्या दोघांची ताकद करून मी पेशीला देते. ती उपाशी राहिली तर मला कळतं. ती नुसत्या चहावर दिवस काढते तेव्हाही कळतं.

जठराच्या पेशी फार दिवस टिकत नाहीत. आतलं अस्तर सारखं गळतं आणि सारखं नवं येतं. पण खाली खोलात ज्या मूळ पेशी असतात, त्या स्वतःच्या दोन करत राहतात आणि आम्ही दोन्हीकडे वाटल्या जातो. एकीच्या दोघी होतात, दोघीही मीच. म्हणून मी लुंबिनीच्या जन्मापासूनचं सांगू शकते. त्याच्या आधीचंही थोडं सांगू शकते, कारण मी तिच्या आईकडून आले. बापाकडून मूल नाक घेतं, रंग घेतं, आडनाव घेतं. आम्ही मात्र फक्त आईकडूनच येतो.

बाहेरचं मला कसं कळतं, असं कुणी विचारेल. माणूस तोंडानं बोलायच्या आधी त्याच्या पोटात काहीतरी हलतं. भीती आधी पोटात येते, लाजही आधी पोटात येते. मी तिथंच राहते.

लुंबिनीच्या आईचं नाव भामाबाई. औसा तालुक्यातल्या एका गावात तिचं सासर. नवरा ज्ञानोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. त्यांच्या वस्तीतली बाकीची घरं कुडाची, पत्र्याची. ज्ञानोबानं मात्र मोठ्या हौसेनं दगडी माळवद बांधलं. जाड भिंती, त्यांवर सागाची लाकडं आणि लाकडांवर हातभर मातीचा थर. आपल्या वस्तीत असं घर पहिलंच, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला तो भिंतीवर थाप मारून दाखवायचा. उन्हाळ्यात आत गार वाटायचं. भामाबाई दुपारी लेकीला कुशीत घेऊन तिथं झोपायची.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. जे घर सगळ्यांत पक्कं, तेच आधी बसलं. कुडाच्या घरातली माणसं कपडे झटकत बाहेर आली आणि मास्तरांच्या घराकडे धावली. लुंबिनी लोखंडी पलंगाच्या खाली सापडली. तिच्या आईबापांना काढलं तेव्हा उजाडलं होतं, आणि त्यांच्यासाठी आता काही करायचं राहिलं नव्हतं.

सहा वर्षांची पोर. डोक्याला खोक पडली होती, जबडा सुजून एका बाजूला सरकला होता, पुढचे दात हलत होते. पण रडत नव्हती. तिच्या पोटात त्या दिवशी काहीच हललं नाही. मी इतकी वर्षं तिच्यात राहतेय, तसला शांतपणा मला परत कधी सापडला नाही, आणि सापडू नये.

बिलोलीहून तिची मावशी आली. सिंधु, भामाबाईची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलेली, पोटी मूल नाही, रोजंदारीवर जाणारी. रस्ते पोलिसांनी अडवलेले होते, ती वाटेल तिथं उतरून चालत आली. तंबूतल्या दवाखान्यात तिनं लुंबिनीला उचललं आणि पोरीचं डोकं आपल्या पोटावर टेकवलं. मला तेव्हा जे वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. त्या बाईच्या आत माझ्याच बहिणी होत्या. भामाबाई आणि सिंधु एका आईच्या लेकी, म्हणजे आम्ही सगळ्या एकाच घरच्या. आई गेली होती, पण आईकडचं अजून कुणीतरी चालत आलं होतं.

त्या हिवाळ्यात दोघी पत्र्याच्या शेडात राहिल्या. सरकारनं उभ्या केलेल्या रांगा होत्या त्या, दुपारी तापायच्या आणि सकाळी गारठायच्या. मदतीच्या गाड्या यायच्या. कपडे, बिस्किटं, भांडी, सगळं यायचं. लुंबिनीला मात्र काही खाता येत नव्हतं. जबडा हलवला की कळ यायची. दूध दिलं की ओकायची. भाताची पेज तोंडातच धरून बसायची. ती सुकत चालली आणि आत मीही सुकत चालले. पुरवायला माझ्याकडे काही येतच नव्हतं.

मग सिंधुनं एक केलं. ज्वारीची भाकरी घ्यायची, वरणात बुडवायची, स्वतःच्या तोंडात घालून चावून चावून अगदी मऊ करायची आणि तो घास बोटावर घेऊन पोरीच्या गालाच्या बऱ्या बाजूला ठेवायचा. पहिल्या दिवशी लुंबिनीनं तो तसाच धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी गिळला. मला तो घास अजून आठवतो. पुष्कळ दिवसांनी मला काम मिळालं होतं. पोरीच्या हातापायांत ऊब आली आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. मावशी तिला धरून बसली आणि म्हणत राहिली, “रड बाय, रड.”

त्याच घासांतून तो आला.

जठरात सहसा कुणी परका जगत नाही. इथलं आम्ल इतकं जहाल असतं, की आलेला जंतू दारातच मरतो. हा मेला नाही. बांगडीच्या तुकड्यासारखा वाकडा, शेपट्या असलेला हा जंतू स्वतःभोवती अमोनियाचा ढग करून आला. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तो वास. त्या ढगात आम्लाची धार बोथट होते. जठराच्या भिंतीवर बुळबुळीत लेप असतो, त्यात तो स्क्रूसारखा फिरत शिरला आणि आमच्या पेशीला येऊन चिकटला. डॉक्टर त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं. आम्हाला फक्त त्याची सुई माहीत झाली. पेशीच्या अंगाला ती टोचून तो आपलं विष आत सोडायचा.

पेशीत आम्ही बऱ्याच जणी, बरेच जण राहतो. केंद्रक मधे बसतं आणि हुकूम काढतं. आंतर्द्रव्यजालिका प्रथिनं विणते, त्यांच्या घड्या घालते. गॉल्गी पिंड त्यांची बांधाबांध करून बाहेर पाठवतो. लयकारिका म्हणजे आंबट पाण्याची पिशवी, नको असलेलं सगळं तिच्यात विरघळतं. त्या दिवशी केंद्रकानं बाहेर हाक दिली, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्या. जंतू लेपाच्या आत सुखरूप राहिला आणि त्यांनी सोडलेल्या आगीत आमचंच अंग भाजलं. लयकारिकेनं त्याला आणि त्याच्या विषाला गिळून पाहिलं, पण त्या विषानं तिच्यातला आंबटपणाच काढून घेतला. गिळलेलं तसंच पडून राहिलं. जालिकेच्या घड्या चुकायला लागल्या. पेशीत मोठमोठ्या पोकळ्या झाल्या, भिजलेल्या भिंतीवर फोड येतात तशा.

आमच्यावर जे आलं ते सांगते. आम्ही तंतुकणिका एरवी एकेकट्या राहत नाही. पुस्तकातलं चित्र तिथं चुकतं. आम्ही एकमेकींना जोडून लांब दोऱ्यासारख्या पसरतो, एकीची ताकद कमी पडली की दुसरी देते. ते विष आमच्यापर्यंत आलं आणि दोरा तुटला. जिकडेतिकडे तुकडे. मी एकटी पडले. जी फारच मोडते, तिला पेशी गुंडाळून लयकारिकेच्या हवाली करते. जी उरते, तिनं काम करायचं. पुष्कळच जणी मोडल्या, तर पेशीला मरणाचा निरोपही आम्हालाच द्यावा लागतो. तो मी कितीदा दिला, याची आठवण मी ठेवत नाही.

तरी लुंबिनी मोठी होत गेली. जंतू आणि आम्ही, कुणीच हटलं नाही. माणसाच्या आत असलं भांडण वर्षानुवर्षं चालतं आणि वर नुसती जळजळ कळते.

सिंधुनं तिला बिलोलीला आणलं. तिथं सिंधुला मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं होतं. लुंबिनी तिथल्याच शाळेत जायची, जेवणघराच्या एका कोपऱ्यात अभ्यास करायची. मावशी जेवायला बसली की कधीकधी अर्ध्यातच ताट सरकवायची, छातीखाली मूठ धरायची, चिमूटभर सोडा पाण्यात घालून प्यायची. लुंबिनीनं विचारलं तर म्हणायची, तिखटाचा त्रास हाय, दुसरं काय. हळूहळू लुंबिनीही सोडा प्यायला शिकली. दोघींना वाटायचं, हे आपल्या घरचंच आहे.

पोर हुशार होती. बापासारखं स्वच्छ अक्षर, बोलणं कमी. बारावीनंतर डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं, थोडक्यात राहिलं. नांदेडला राहून तिनं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. मग लातूरला एका क्लासमध्ये शिकवायला लागली.

तोवर लातूर बदललं होतं. जिथं तिच्या लहानपणी मदतीच्या गाड्या थांबायच्या, तिथं आता गावोगावची पोरं बॅगा घेऊन उतरत होती. डॉक्टर करायचं, एवढं एकच घरच्यांच्या तोंडी. खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं, भिंतीभिंतींवर हसऱ्या पोरांचे फोटो आणि त्यांचे गुण. लुंबिनीच्या क्लासचे मालक रेणुकादास सर. माणूस वाईट नव्हता. स्वतः सकाळी सगळ्यांआधी येऊन खडू वाटायचा. पण त्याला पोरं मोजायची सवय लागली होती. मॅडमनी एक बॅच घेतली की दुसरी द्यायची, दुसरी घेतली की तिसरी.

लुंबिनीनं कधी नाही म्हटलं नाही. खोलीवर जाऊन करायचं काय, हा तिचा प्रश्न होता. तिथं गॅस होता, भांडी होती, पण एकटीसाठी कुकर लावायचा तिला कंटाळा यायचा. मावशीनं तिच्यासाठी दोनतीन स्थळं आणली होती. एका घरच्यांनी तिला पाहिलंही. त्या लोकांनी भूकंपाबद्दल इतकं खोदून खोदून विचारलं, जणू तीच त्याला कारण होती. त्यानंतर तिनं तो विषय बंद केला. दिवसभर दीडदोनशे पोरांसमोर बोलायची आणि बाकीचा वेळ गप्प. सकाळी चहा, दुपारी चहा आणि बिस्किट, डोकं दुखलं की गोळी. त्या गोळ्या जठराला सोलतात हे ती स्वतः शिकवायची.

दर वर्षी पेशीचा धडा यायचा. फळ्यावर ती माझं चित्र काढायची तेव्हा खडूचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. फार छान काढायची. एकदा आम्ही फक्त आईकडून येतो, हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग ज्या बाईला मूलच नसतं, तिच्या मायटोकॉन्ड्रियाचं काय होतं?”

लुंबिनीनं खडू खाली ठेवला.

“तिथं थांबतात,” ती म्हणाली. “पुढचा मुद्दा घ्या.”

पोरांनी लिहून घेतलं. फळा पुसताना तिनं माझं चित्र मात्र तसंच ठेवलं.

मग एक दिवस शिकवता शिकवता ती फळ्यापाशी खाली बसली. आधी काही दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. हे चांगलं लक्षण नाही हे तिला माहीत होतं, आणि परीक्षा झाली की बघू असं तिनं ठरवलं होतं. रेणुकादास सरांनी स्वतःच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. जठरात व्रण पडला होता, त्यातून रक्त झिरपत होतं. अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला, त्यात तो जंतू सापडला. इतक्या वर्षांनी त्याचं नाव कुणीतरी उच्चारलं.

डॉक्टरबाईंनी तिला समजावलं. हा बहुतेक लहानपणीच येतो, घरातल्याच माणसाकडून, तोंडावाटे. दोन आठवड्यांच्या गोळ्या नेमानं घ्या, एकही चुकवू नका. आणि लहानपणी ज्यांच्या ताटात जेवलात, त्यांनाही तपासून घ्या.

लुंबिनीनं ते ऐकलं. शेडातला तो घास तिलाही आठवला. मला कळलं ते.

गोळ्या कडक होत्या. तोंडाला पितळ चाटल्यासारखी चव, मळमळ, अंगात त्राण नाही. इकडे सरांचा रोज फोन, मॅडम, टेस्ट सिरीज तोंडावर आली आहे. पहिल्या आठवड्यात पोटातली जळजळ थांबली तशी ती वर्गात परत गेली आणि उरलेल्या गोळ्या टेबलाच्या खणात गेल्या. जे जंतू कच्चे होते ते मेले. जे तगले, ते औषधाची ओळख करून घेऊनच तगले. आम्ही नुकत्याच एकमेकींना पुन्हा जोडायला लागलो होतो. ते परत सुटलं.

दिवाळीला ती बिलोलीला गेली. मावशीनं दार उघडलं आणि लुंबिनीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सिंधु निम्मी झाली होती. गालफडं बसली होती, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. जेवायला बसल्या तर मावशीनं चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. पोट भरतंय लवकर आजकाल, म्हणाली. उलट्या होतात का, असं लुंबिनीनं विचारलं, तेव्हा ती उठून भांडी घासायला लागली.

दुसऱ्याच दिवशी लुंबिनी तिला नांदेडला घेऊन गेली. दुर्बीण, तपासण्या. कर्करोग होता, जठराच्या खालच्या तोंडाशी, आणि यकृतापर्यंत गेला होता. तरुण डॉक्टर होते, हळू बोलत होते. त्यांनी जुन्या जंतूचं नाव घेतलं. पुष्कळ वर्षं तो राहिला की काहींच्या बाबतीत असं होतं, म्हणाले. लुंबिनीनं आपल्यालाही तो झाल्याचं आणि गोळ्या अर्ध्यात सोडल्याचं सांगितलं, तेव्हा तो कसा पसरतो तेही त्यांनी मावशीसमोरच सांगितलं. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण डॉक्टरांचा शब्द तिनं एकही सोडला नाही.

डॉक्टर गेल्यावर वॉर्डात दुपारची शांतता होती. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. मावशी खिडकीकडे बघत म्हणाली, “लुंबे, ते माझ्याच तोंडातून गेलं न्हवं तुझ्या पोटात?”

लुंबिनीनं वेळ लावला नाही. “न्हाई मावशे. शेडातल्या टँकरचं पाणी घाण होतं. समद्यांलाच झालं त्याच्यानं.”

मावशीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“पोरांना बी असंच खोटं शिकवतीस का?”

लुंबिनीनं पाण्याचा पेला पुसायला घेतला. इतकी वर्षं शिकवत होती, एक अक्षर कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.

“मला वाईट न्हाई वाटून राहिलं,” मावशी म्हणाली. “तवा तू काहीच खात न्हवतीस. मरून गेली असतीस. आज परत तसं झालं, तर मी परत चावून देईन.” तिला धाप लागली, ती थांबली. मग म्हणाली, “पण तू त्या गोळ्या अर्ध्यात कामून सोडल्यास? पुऱ्या कर. मी दिलेलं समदंच ठेवून घ्यायचं नसतं, बाय.”

लुंबिनीनं क्लासला कळवलं की ती परत कधी येईल सांगता येत नाही. सरांनी आधी समजावलं, मग चिडले, मग गप्प झाले. तिनं नांदेडच्याच डॉक्टरांकडून वेगळ्या औषधांचा नवा कोर्स घेतला आणि मावशीच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून गोळ्या घ्यायला लागली. मावशी रोज विचारायची, घेतलीस का. ती तोंड उघडून दाखवायची, लहानपणी दाखवायची तशी. मावशीला हसू यायचं. हसलं की दुखायचं, तरी हसायची.

उलट व्हायला लागलं होतं. आता लुंबिनी मावशीला भरवत होती. पेज, ताक, भाताचं पाणी, चमच्यानं. चमचा मात्र दोघींचा वेगळा. मावशीनंच तसं बजावलं होतं.

शेवटची गोळी संपली तेव्हा मावशी बोलत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं बोलणं थांबलं. दुपारच्या वेळी गेली. लुंबिनीनं तिचा हात धरला होता आणि तो गार होत गेला. माणूस गेलं की त्याच्या आतल्या आम्ही लगेच थांबत नाही, थोडा वेळ उरलेल्या प्राणवायूवर काम करत राहतो. माझ्या बहिणी पलीकडे काम करत होत्या. कुणासाठी, ते त्यांना कळत नव्हतं. मग त्याही थांबल्या. भामाबाईच्या आईकडून जे आलं होतं, ते आता फक्त लुंबिनीत उरलं.

बिलोलीला वस्तीतली माणसं जमली. बुद्धवंदना झाली. वसतिगृहात जेवलेल्या जुन्या मुली आल्या होत्या, आता बायका झालेल्या, कुणी कडेवर मूल घेऊन. त्यांनी मावशीच्या हातच्या वरणाच्या गोष्टी सांगितल्या. लुंबिनी सगळ्यांना पाणी देत होती. ती रडली नाही. पण या वेळी पोट शांत नव्हतं. मला तेवढाच धीर आला.

पुढं लातूरला त्याच डॉक्टरबाईंकडे लुंबिनीची तपासणी झाली. नळीत फुंकर मारायची असते आणि जंतू असेल तर श्वासात कळतं. तो नव्हता. डॉक्टरबाई खूश झाल्या, अभिनंदन म्हणाल्या. लुंबिनी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली. चांगली बातमी होती, आणि सांगायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं तिनं रेणुकादास सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, फार छान, मग सोमवारपासून याल ना.

ती गेली. आता दोनच बॅच घेते. याहून जास्त नाही, असं तिनं सरांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

आणि मी? मी बरी आहे. आम्ही परत एकमेकींना जोडलो आहोत, दोरा लांब झाला आहे. लयकारिकेला तिचा आंबटपणा परत मिळाला. जालिकेच्या घड्या सरळ बसतात. व्रणाच्या जागी नवं अस्तर आलं, गुलाबी आणि पातळ. पण केंद्रकावर त्या वर्षांचे ओरखडे राहिले आहेत, काही कधीच पुसले जाणार नाहीत. इतकी वर्षं ज्याच्याशी झगडले, तोही आता नाही. इथं फार शांत आहे. मला त्या शांततेची सवय नाही. मी काम करते आणि ऐकत राहते.

लुंबिनी आता खोलीवर स्वयंपाक करते. एकटीसाठी कुकर लावते. आज रविवार आहे. तिनं वरणभात केलाय आणि ताट घेऊन ती खिडकीपाशी बसली आहे. समोरच्या गॅलरीत लक्ष्मम्मा राहायला आली आहे, देगलूरकडची. मुलाला क्लासला घातलंय म्हणून सगळं घर मागं ठेवून त्याच्या सोबतीला आलेली. मुलगा दिवसभर क्लासमध्ये. तीही आता ताट मांडीवर घेऊन बसली आहे, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी असं काहीतरी स्वतःशीच बोलत. दोघींच्या मधे एक अरुंद बोळ आहे. लक्ष्मम्मानं मघाशी मान वर करून पाहिलं. लुंबिनीनंही पाहिलं, आणि तिचा हात घास घेऊन तसाच थांबला आहे.

वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या बुवा, तुमच्याही समोर कुणीतरी असं जेवत बसलं असेल. मी लक्ष्मम्माला हाक मारू शकत नाही. मला तोंड नाही, पाय नाहीत. आजच्या घासाची मी सगळी ताकद करून ठेवली आहे, तिच्या पायांतल्या माझ्या बहिणींनीही केली आहे. जिना उतरायचा, बोळ ओलांडायचा, एवढं तिच्या अंगात आज नक्की आहे.

उठायचं तिचं तिनं.